चार भोकांचं गॅस्केट, तीन सिलिंडरची गाडी

23,150 रुपये. आकडा आधीच सांगून मोकळा होतो. घरात अजून खरा आकडा माहीत नाही, बायकोला मी 9,000 सांगितलेत. हे तिच्या वाचनात आलं तर येऊ दे. दोन महिने पोटात ठेवून मलाच अजीर्ण झालंय.

काम काय होतं? इंजिनाच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या झाकणाच्या कडेनं ऑइल पाझरत होतं. 380 रुपयांचं रबरी गॅस्केट (दोन भागांमधली फट बंद करणारी कडा) बदलायचं आणि दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट नीट आवळायचे, एवढ्यावर मिटणारं दुखणं. त्यासाठी माझ्याकडून अख्खं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याचे पैसे घेतले. आणि हेडला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. ओळखीच्या वकिलानं बजावलंय, हातात पक्का कागद नसताना नाव लिहिलंत तर तोच तुमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावेल. म्हणजे बघा, अब्रू पण त्यालाच.

मी काही बाळबोध माणूस नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 12 तपासणीला. कापडावर भिंग ठेवायचं आणि इंचात धागे किती ते मोजायचं. एक धागा कमी भरला तरी अख्खा तागा बाजूला काढणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती, जॉबर लोक, म्हणजे मागांवरचे मुकादम, मला शिव्या घालायचे. मागाचे नट-बोल्ट आवळण्यातही कधी मागं राहिलो नाही. हे सगळं का सांगतोय ते पुढं कळेल, आणि मग तुम्ही मला हसाल. हसा.

गाडी मारुतीची वॅगनआर, 2013 ची, पेट्रोल. 998 सीसी, तीन सिलिंडर. ही तीनची गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

मार्चअखेरपासून गाडी बंद करून उतरलं की जळका वास यायचा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो, डांबरच वास मारतं, म्हणून आधी सोडून दिलं. मग एके दिवशी सात रस्त्याला थांबलो असताना बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. ऑइल वरून ओघळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं आणि जळत होतं, हे मला आज कळतंय. त्या दिवशी एवढंच कळलं की धूर येतोय, आणि रविवारी मुलीचं डोहाळजेवण बार्शीला आहे. 70 किलोमीटर. गाडीत ओटीचं सामान, दोन म्हाताऱ्या, आणि वर ते ऊन. या परिस्थितीत माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत ते मनाशी खरं बोला.

नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला. शेजाऱ्यानं हे गॅरेज सांगितलं. (शेजाऱ्याशी मी सध्या बोलत नाही. त्याची काही चूक नाही, पण बोलत नाही.) फरशी चकचकीत, भिंतीला हत्यारं ओळीनं टांगलेली, बसायला कूलरची खोली. पोरानं थंड ताक आणून दिलं. गॅरेजमध्ये ताक! तिथंच उठायला पाहिजे होतं. मालक तिशीतला, गोड बोलणारा. 'काका, तुम्ही निवांत घरी जा, मी बघून फोन करतो.' मी गेलो. पहिली चूक ही. गाडी उघडताना तिथं उभं राहायचं. ऊन असो, जेवणवेळ असो, उभं राहायचं.

शुक्रवारी 11:40 ला फोन. 'काका, लई मोठं काम निघालं की ओ. हेडचं गॅस्केट गेलंय. असंच बार्शीला नेलं तर वाटेतच इंजिन बसतंय.'

इथं शब्दांची चलाखी बघा. टॅपेट कव्हरला हेड कव्हरही म्हणतात. हेड कव्हरचं गॅस्केट म्हणजे वरच्या झाकणाची रबरी कडा. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक, ज्यात सिलिंडर असतात तो खालचा भाग, आणि हेड यांच्यामधला पत्रा. पहिलं काम तासा-दोन तासांचं, दुसऱ्याला अर्धं इंजिन उतरवावं लागतं. मधला 'कव्हर' हा एक शब्द गाळला की काही शेकड्यांचं काम काही हजारांचं होतं. आणि हेड गॅस्केट खरंच गेलं की गाडी तापते, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होत जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलमध्ये पाणी शिरलं तर ते दुधाळ चहासारखं दिसतं. माझ्या गाडीला यातलं एकही लक्षण नव्हतं. एकही! पण मला ही लक्षणं तेव्हा माहीत नव्हती, आणि विचारणार कुणाला? जावयाला फोन केला तर तो म्हणाला, 'बाबा, ते म्हणतायत तर करून घ्या, रिस्क नको.' जावई कॉम्प्युटरमधला आहे.

10,000 आगाऊ मागितले, फोनवरूनच पाठवले. संध्याकाळी 6 ला गाडी तयार. चिठ्ठी हातात दिली ती जशीच्या तशी उतरवतो: हेड गॅस्केट 1,850, हेड फेसिंग 2,200, व्हॉल्व्ह सील 1,400, टायमिंग चेन किट 7,800, ऑइल-फिल्टर 2,400, मजुरी 8,000. एकूण 23,650. 'रोख दिलेत तर 500 कमी करतो काका.' मी एटीएमला जाऊन 13,150 आणले आणि 500 वाचवले म्हणून मनातल्या मनात खूशसुद्धा झालो. चिठ्ठीवर गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. पाठीमागं कुठल्याशा औषध कंपनीची जाहिरात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मला रात्री 3 ला जाग येते.

पैसे मोजून झाल्यावर मालकानं एक काळपट, ऑइलनं माखलेला पत्र्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. 'हे बघा काका तुमचं जुनं गॅस्केट, कडेला जळलंय बघा. आम्ही जुना पार्ट दाखवल्याशिवाय पैसे घेत नाही.' मी तो दोन्ही हातांत धरला. उजेडाकडं नेला. जळलेली कडा बोटानं चाचपली. खिशातून मोबाइल काढून फोटो काढला आणि जावयाला पाठवला, खाली लिहिलं, 'हे बघ, गेलेलंच होतं.' त्या गॅस्केटला मोठी गोल भोकं होती. सिलिंडर जितके, तितकीच भोकं असतात, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. भोकं चार होती.

चार.

भिंगाखाली धागे मोजणारा माणूस मी. हातभर अंतरावरची, वाटीएवढी भोकं मला मोजता आली नाहीत. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे, वेळ 6:22. मी तो रोज बघतो. नजर त्या जळलेल्या कडेवर खिळवून ठेवायची हीच त्याची हुशारी. माणूस जिथं बोट दाखवेल त्याच्या शेजारी बघायचं असतं, हे तपासणीच्या खात्यात मीच नव्या पोरांना शिकवायचो.

आणखीही होतं. हेड उतरवायचं तर आधी कूलंट काढावं लागतं, परत बसवल्यावर नवीन भरावं लागतं. चिठ्ठीत कूलंटच नाही. बाटलीत तेच जुनं गढूळ पाणी. हेड फेसिंग म्हणजे हेड मशीनवर नेऊन त्याचा तळ सपाट करून आणणं. म्हणजे सगळं खोलणं, ते मशीनवर नेणं, परत आणणं, चेन, सील, जोडणी, सगळं सहा-साडेसहा तासांत, आणि त्यात जेवणाची सुट्टी. कारखान्यात कुणी मला असा हिशोब दिला असता तर मी त्याला दारात उभं केलं असतं.

डोहाळजेवण छान झालं. गाडी गेली आणि आली. अकराव्या दिवशी घरासमोरच्या शहाबादी फरशीवर काळा डाग. दुसऱ्या दिवशी ताटलीएवढा. आधी निदान पाझरत तरी होतं, आता ठिबकायला लागलं. गॅरेजला गेलो. मालकानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, आणि न लाजता म्हणाला, 'काका, हे आता दुसरं आहे, साइडचं सील. 6,500 लागतील.' मी म्हटलं, मागचं बिल द्या आधी. तर म्हणे अकाउंटंट सुट्टीवर. पुढच्या खेपेला शेठ बाहेरगावी. तिसऱ्या खेपेला पोरानं ताकसुद्धा विचारलं नाही.

अशोक चौकाकडून आत एका बोळात एक म्हातारे चाचा आहेत, टिनाच्या शेडमध्ये काम करतात. कारखान्यातला जुना फिटर मला तिकडं घेऊन गेला. चाचांनी आधी काही खोललं नाही. इंजिन पुसून कोरडं केलं, त्यावर साधी पावडर मारली, गाडी दहा मिनिटं चालू ठेवली आणि टॉर्च लावून वरून खाली बघत गेले. ऑइल नेहमी खालीच ओघळतं, त्यामुळं डाग खाली दिसतो आणि गळती वर असते. जो मेकॅनिक नुसता खालचा डाग दाखवून भाव सांगतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. पावडरीत ओली रेघ उमटली ती टॅपेट कव्हरच्या मधोमध, दोन बोल्टांच्या मध्ये.

इंजिन गार झाल्यावर कव्हर काढलं. गॅस्केट तेच जुनं, अकरा-बारा वर्षांचं, रबर कडक होऊन भाकरीच्या पापुद्र्यासारखं मोडत होतं. त्याच्यावरून सगळीकडं बॉन्ड, म्हणजे फट बुजवायचा चिकट लेप, फासलेला. एका बोल्टचे आटे गेलेले, तो नुसता गोल फिरत होता. चाचांनी मला जवळ बोलावलं. 'काका, हे हेडचे बोल्ट बघा.' आत खोबणीत हेडचे बोल्ट दिसत होते, त्यांच्या डोक्यावर ऑइलचा पिवळट-तपकिरी थर घट्ट बसलेला. 'यांना पाना लागला असता तर हा थर असा राहिला असता का? हेड खोललंच नाही कुणी. चेनचं कव्हर पण कंपनीचंच बॉन्ड आहे, फुटलेलं नाही. तुमचं ऑइल बदललंय, बाकी काही नाही.' मी मोबाइलमधला फोटो दाखवला. चाचांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला, आणि काही बोलले नाहीत. फक्त चार बोटं वर केली, मग एक दुमडलं.

मला तिथं रडू आलं असतं, पण फिटर बरोबर होता.

आता बोल्ट आवळायचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. त्या गॅरेजच्या पोरानं गळती थांबेना म्हणून लांब दांड्याचा पाना लावून जीव खाऊन आवळलं होतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट सहा मिलिमीटरचे असतात आणि खाली हेड ॲल्युमिनियमचं. अशा बोल्टला साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटर ताकद पुरते, नेमका आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला साधारण चार-पाच किलोचा जोर, हात थरथरेपर्यंत नव्हे. जास्त आवळलं की बोल्टाजवळ रबर चेपून बाहेर येतं, कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये किंचित उचलतं, आणि ऑइल तिथूनच येतं. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून जास्त गळायचं. शेवटी ॲल्युमिनियममधले आटे सुटतात. हेच मागाच्या बोल्टांचं. हे मला 31 वर्षं माहीत होतं, फक्त गाडीच्या बॉनेटखाली ते लागू पडतं हे सुचलं नाही.

चाचांनी जुना बॉन्ड लाकडाच्या पट्टीनं खरवडला. स्टीलची पट्टी लावली की हेडवर ओरखडे पडतात आणि मग नवीन गॅस्केटही गळतं. खरवडताना आत कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) स्वच्छ फडकं, म्हणजे कपचे ऑइलमध्ये पडत नाहीत. कव्हरची खोबण आणि हेडची कड थिनरच्या कपड्यानं पुसून कोरडी केली. नवीन गॅस्केट खोबणीत बोटानं दाबत बसवलं. बॉन्ड लावला तो फक्त कोपऱ्यात, जिथं चेनचं कव्हर हेडला येऊन मिळतं तिथं, थेंबभर. आटे गेलेल्या भोकात स्प्रिंगचे नवे आटे बसवले. सगळे बोल्ट आधी नुसत्या हातानं टेकवले. मग छोट्या रॅचेटनं मधल्यापासून सुरुवात, एकदा इकडचा, एकदा समोरचा, असं बाहेर बाहेर जात एक फेरी हलकी. दुसऱ्या फेरीला टॉर्क पाना, ठरवलेल्या जोराला टिक वाजणारा. टिक वाजलं की बस्स. एका टोकानं ओळीनं आवळत गेलं की दुसरं टोक उचलतं, म्हणून हा क्रॉस क्रम. जाताजाता त्यांनी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा, व्हॉल्व्हही हलवून बघितला. तो चोंदला की इंजिनात दाब कोंडतो आणि कितीही चांगलं गॅस्केट असलं तरी ऑइल बाहेर ढकलतो. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल उतरलंय का तेही बघितलं. तिथं साचलं की गाडी झटके मारते आणि मग लोक तुम्हाला प्लगला वीज देणारी कॉइल विकतात, गरज नसताना.

चाचांचा हिशोब: गॅस्केट 380, बोल्टांचे रबर वॉशर 120, आटे 250, वरून टाकायला ऑइल 210, मजुरी 500. एकूण 1,460. मी 2,000 दिले तर 540 परत केले. ते परत घेताना मला जास्त लाज वाटली.

आता सरकारदरबारची वारी. ठाण्यात गेलो. ठाण्याचंही नाव नको. तासभर बाकावर. मग साहेब म्हणाले, बिल दाखवा. चिठ्ठी दाखवली. त्यांनी उलटी करून औषधाची जाहिरात वाचली. 'काका, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' मी म्हटलं, खोटा पार्ट दाखवून पैसे घेतले, पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, यात दिवाणी काय? तर म्हणाले, 'तुम्ही वकील आहात का?' नाही. 'मग?' या 'मग'वर माझी फिर्याद संपली. दुसऱ्यांदा गेलो तर दुसरे साहेब होते, सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि अर्ध्यात विचारलं, 'गाडी आता चालतेय ना?' चालतेय. 'मग झालं की ओ.' तिसऱ्यांदा अर्ज आवकला लावून घ्या म्हटलं तर आवकचा शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी असलेला माणूस बंदोबस्ताला! मी 59 वर्षांचा माणूस, दुपारी दोनला त्या उन्हात दुचाकीवरनं तीन खेपा केल्या, कारण गाडी न्यायचीही भीती, साहेबांनी बॉनेट उघडून बघायला नको.

वाहनांच्या कचेरीत गेलो तर गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. मग कुणाच्या येतं? 'ते आम्हाला काय माहीत.' एका ठिकाणी ऑनलाइन तक्रार केली. नऊ दिवसांनी मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कशी निकाली, कुणी काढली, काही नाही. लगेच खाली दुसरा मेसेज, सेवेला पाचपैकी किती गुण द्याल. ज्यानं मला लुटलं त्यानं निदान ताक तरी पाजलं होतं.

आता ग्राहक आयोगाकडं अर्ज तयार करतोय. 2019 च्या कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. कुणी 'आधी 8,000 द्या, मग बघू' म्हणत असेल तर (मला म्हणाले) उठून या. माझ्याकडं पुरावा काय, तर फोनवरून गेलेल्या 10,000 ची नोंद आणि तो फोटो. रोख दिलेले 13,150 हवेत विरले. 500 वाचवायला गेलो त्याची ही किंमत. पैसे फोनवरूनच द्या, सूट गेली खड्ड्यात. आणि पक्कं बिल हातात आल्याशिवाय चावी उचलू नका, कारण चावी उचलली की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही.

ऑइल-फिल्टरचे 2,400 मी त्याला माफ करतो, ऑइल बदललं होतं म्हणे. उरले 20,750.

गाडी आता कोरडी आहे. रोज सकाळी खाली पुठ्ठा सरकवून बघतो, 46 दिवस झाले, थेंब नाही.

तो पत्र्याचा तुकडा मी घरी आणला होता, 'आपलाच पार्ट' म्हणून. व्हरांड्यात खिळ्याला टांगलाय. चार सिलिंडरच्या गाडीचा आहे, एका कडेला जळलेला, म्हणजे कुणाचं तरी हेड गॅस्केट खरंच गेलं होतं. एप्रिलमध्ये किंवा त्याआधी तुम्ही सोलापुरात हेडचं काम केलं असेल आणि तुम्हाला जुना पार्ट दाखवला नसेल, तर तो तुमचा असू शकतो. आणि दाखवला असेल, तर कृपा करून त्याची भोकं किती होती ते आठवून बघा. गाडी चार सिलिंडरची आणि भोकं तीन असतील, तर ते माझ्यासारख्याच कुणाचं तरी आहे.